पानावाटें कडधान्यांचें पोषण

झाड आपलें अन्न मुळांनीं घेतें, हें आपण इतक्या लहानपणापासून ऐकत आलों आहोंत कीं त्याविषयीं शंका घ्यावी असें कोणास वाटत नाहीं. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. पानें हवा घेतात, ऊन झेलतात, आणि त्यांच्यावर पडलेल्या पाण्यांत कांहीं क्षार विरघळलेले असले तर त्यांतील थोडा अंश आंतही ओढून घेतात. १८४३ च्या सुमारास फ्रान्समध्यें यूझेब ग्री या शास्त्रज्ञानें पिंवळ्या पडलेल्या पानांना हिराकशीचें पाणी लावून पाहिलें, तों तीं पानें पुन्हां हिरवीं होऊं लागलीं. ज्याला आज आपण फवारणीचें खत म्हणतों त्याचा उगम असा पावणेदोनशें वर्षांहून अधिक जुना आहे.

या विषयावर आज बोलावयाचें कारण मात्र अगदीं ताजें आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन या पिकांना पानावाटें खुराक देण्याची चाल आतां खेडोपाडीं पोंचली आहे. बी-बियाणांच्या दुकानांत सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या रंगीबेरंगी बाटल्या फळीभर मांडलेल्या असतात. एकीवर फुलांनीं लगडलेल्या झाडाचें चित्र, तर दुसरीवर टपोऱ्या शेंगांचें. हीं पिकें बहुतेक कोरडवाहू जमिनींत, पावसाच्या भरंवशावर घेतलीं जातात. हंगामाअखेर ज्याच्या हातांत मोजकेच पैसे राहावयाचे, त्यानें ती बाटली घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न लहान नाहीं. जमिनींत जें उणें आहे, किंवा असूनही जमीन जें सोडीत नाहीं, तेंच पानावाटें दिलें तर पीक उठतें. जें उणें नाहीं तें कितीही दिलें तरी पैसा आणि मजुरी तेवढी खर्ची पडते. हें कसें, तें प्रथम थोडें हिशेबानें पाहूं.

वनस्पतीला अवश्य अशीं सतरा मूलद्रव्यें शास्त्रज्ञ आज मानतात. त्यांपैकीं आठ अगदीं अल्प प्रमाणांत पुरतात: लोह, मंगल, जस्त, तांबें, बोरॉन, मॉलिब्डेनम, निकेल आणि क्लोरिन. अल्प म्हणजे किती? एका एकरांत ८ क्विंटल हरभरा झाला असें धरा. त्या दाण्यांतून सुमारें २६ ते २७ किलो नत्र शेताबाहेर जातें. आणि जस्त? फार तर २५ ते ३० ग्रॅम. मॉलिब्डेनम याहूनही कितीतरी कमी.

आतां फवाऱ्याकडे वळूं. एकरीं २०० लिटर पाणी लागतें असें समजूं. युरियाचें शेंकडा दोन या प्रमाणाचें पाणी केलें तर त्यांत ४ किलो युरिया बसतो, म्हणजे नत्र दोन किलोंहून थोडें कमीच. पिकाच्या दाण्यांत जें नत्र भरावयाचें त्याचा हा चौदावा-पंधरावा हिस्सा. याहून दाट पाणी केलें तर पानें करपण्याची धास्ती. उलट झिंक सल्फेटचें शेंकडा अर्धा या प्रमाणाचें पाणी केलें तर १ किलो झिंक सल्फेट लागतें आणि त्यांत शेंकडा २१ या मानानें २१० ग्रॅम जस्त असतें. दाण्यांतून जेवढें जस्त जावयाचें त्याच्या सातपट हें झालें. पानानें त्यांतला अल्पसा भाग आंत घेतला, बाकीचा पावसानें धुवून गेला, तरी काम भागतें. म्हणून पानावाटें सबंध पीक पोसतां येत नाहीं, पण पिकाची एखादी नड भागवितां येते. सूक्ष्म अन्नद्रव्यांना फवारणी शोभते ती एवढ्यासाठींच.

ही मर्यादा नजरेआड झाली म्हणजे काय होतें, याचें एक बोलकें उदाहरण अमेरिकेंत घडलें. दाणे भरतांना सोयाबीनच्या पानांतील नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक शेंगांकडे ओढलें जातें आणि पानें रितीं होऊन गळतात. त्याच वेळीं हीं द्रव्यें पानांवर शिंपडलीं तर पान अधिक दिवस टिकेल आणि दाणा अधिक भरेल, असा विचार करून आयोवा राज्य विद्यापीठांत रॅमॉन गार्सिया आणि जॉन हॅनवे यांनीं प्रयोग केले. १९७६ सालीं ते प्रसिद्ध झाले, तेव्हां उत्पन्नांतील वाढ पाहून शेतकी जगांत मोठी खळबळ उडाली. पुढें निरनिराळ्या राज्यांतून तेच प्रयोग करून पाहण्यांत आले. पुष्कळ ठिकाणीं वाढ दिसली नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं पानें करपून उत्पन्न उलट घटलें. विचार तर्काला धरून होता, पण किलोंनीं लागणारी वस्तु पानाच्या दारानें आंत नेणें सोपें नसतें. आपल्याकडे हरभरा फुलोऱ्यांत असतांना युरियाची शेंकडा दोनची फवारणी सांगतात. जमिनींतील ओल तुटून मुळें काम करीनाशीं होतात तेव्हां तिचा टेकू म्हणून उपयोग होतो, हें खरें. पण टेकूवर घर उभें राहत नाहीं.

येथें कोणी विचारील, इतर पिकें सोडून कडधान्यांचीच गोष्ट कां? त्याचें कारण त्यांच्या मुळांवरील गांठींत आहे. ज्वारी-बाजरीला नत्र जमिनींतून घ्यावें लागतें. तूर-हरभरा हवेंतील नत्र गांठींतील जंतूंकडून बांधून घेतात. गांठ म्हणजे एक लहानसा कारखानाच समजा, आणि त्या कारखान्यांतील यंत्र लोह आणि मॉलिब्डेनम यांचें बनलेलें आहे. ज्या द्रव्याच्या योगानें नत्र बांधलें जातें त्या नायट्रोजिनेजमध्यें हे दोन्ही धातु असतात. गांठ उभी चिरून पाहा. चांगली काम करीत असेल तर ती आंतून गुलाबी दिसते. तो रंग आपल्या रक्तांतील रंगद्रव्याच्याच भाईबंदाचा असून त्यांतही लोह आहे. गांठींतील जंतूंना या खेरीज कोबाल्टही लागतो. तेव्हां लोह किंवा मॉलिब्डेनम कमी पडलें तर ज्वारीचें जें नुकसान होईल तें कडधान्याचें होतेंच, आणि वर त्याचा नत्राचा झराही आटतो. पीक नत्रासाठीं भुकेलेलें दिसतें, शेतकरी युरिया टाकतो, आणि खरें दुखणें जागच्या जागीं राहतें.

मॉलिब्डेनमचा हा गुण शेतांत प्रथम ठळकपणें दिसला तो दक्षिण ऑस्ट्रेलियांत. तेथील कांहीं कुरणांत स्फुरदाचें खत घालूनही क्लोव्हर हें द्विदल गवत वाढेना. १९४२ सालीं ए. जे. अँडरसन यांनीं दाखवून दिलें कीं उणीव मॉलिब्डेनमची आहे; आणि एकरीं औंसाच्या हिशेबानें तें देतांच कुरण बदलून गेलें. बोरॉन वनस्पतीला अवश्य आहे हा शोधही एका द्विदल पिकावरच लागला. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें कॅथरिन वॉरिंग्टन या विदुषीनें १९२३ सालीं, तिकडे ब्रॉड बीन म्हणतात त्या वालासारख्या पिकावर तो सिद्ध केला. बोरॉन नसलें म्हणजे शेंडा मरतो. फुलांतील परागांची नळी नीट वाढत नाहीं आणि फूल शेंग न धरतां गळतें. निकेलची कथा त्याहून अलीकडची. १९८३ सालीं सोयाबीनवरील प्रयोगांत असें आढळलें कीं निकेल मुळींच न मिळाल्यास पानांत युरिया सांचून पानांचे शेंडे करपतात, कारण युरिया फोडणाऱ्या पाचकद्रव्याला निकेल लागतें. निकेल जमिनींत सहसा पुरेसें असतें, तेव्हां त्याची बाटली कोणी पुढें केली तर नमस्कार करून परत करावी.

पान हीं द्रव्यें आंत घेतें तरी कसें? पानावर मेणाचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि पाणी त्याच्यावरून ओघळून जावें हाच त्याचा हेतु. तरीही त्यांत अति सूक्ष्म अशा ओलसर वाटा असतात. त्या वाटांनीं, आणि कांहीं अंशीं पर्णरंध्रांतून, क्षाराचे कण आंत शिरतात. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिशिगन येथें ट्यूकी, विटवर आदि शास्त्रज्ञांनीं किरणोत्सर्गी द्रव्यें पानांना लावून त्यांचा झाडांतील प्रवास मोजला, तेव्हां यांत शंकेला जागा उरली नाहीं. मात्र हा प्रवास थेंब ओला आहे तोंवरच चालतो. भर उन्हांत फवारलें तर थेंब पांच-दहा मिनिटांत सुकतो आणि क्षार पानावर पांढरे डाग होऊन बसतात. सायंकाळीं फवारलें तर रात्रींचें दंव त्याला पुन्हां ओलावा देतें. हरभऱ्याच्या बाबतींत आणखी एक गंमत आहे. त्याच्या पानांवरील केसांतून आंबट रस पाझरतो. पहाटे फडकें फिरवून आपल्या आजीबाई जी आंब गोळा करीत, ती हीच. हे केस थेंब पानाला नीट चिकटूं देत नाहींत. म्हणून या पिकावर पाणी पसरविणारें द्रव्य थोडें मिसळणें आणि फवारा बारीक ठेवणें अगत्याचें आहे.

आंत शिरणें ही अर्धीच वाट झाली. लोह, मंगल, जस्त, बोरॉन हीं द्रव्यें ज्या पानावर पडतात तेथून पुढें निघण्यास फार नाखूष असतात. आजच्या पानावर मारलेलें लोह पंधरा दिवसांनीं फुटणाऱ्या पानाला मिळेल असें समजूं नये. याचा सर्वांत चांगला धडा पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ल्यूपिन या द्विदल पिकानें दिला. मंगलाच्या अभावीं त्याचे दाणे शेंगेंतच तडकतात. पीक लहान असतांना मंगलाची फवारणी केली तर पानें छान दिसतात, पण दाणे तडकावयाचे ते तडकतातच. मुख्य दांड्यावरील शेंगा दोन ते तीन सेंटिमीटर लांब झाल्या म्हणजे फवारलें तर दाणा वांचतो. इंग्लंडांत वाटाण्याच्या दाण्याच्या पोटांत तपकिरी डाग पडतो. केंट परगण्यांतील रॉम्नी मार्श या दलदलीच्या प्रदेशावरून त्याला मार्श स्पॉट म्हणतात. त्यालाही मंगलाची फवारणी फुलोऱ्याच्या सुमारास करून आठ-दहा दिवसांनीं दुसऱ्यानें करावी लागते. औषध तेंच, माप तेंच, आणि केवळ वेळ चुकल्यामुळें सारें फुकट, असें या विषयांत वारंवार घडतें.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिलें तर सह्याद्रीच्या दोन बाजूंस दोन निराळे प्रश्न आहेत. घाटावरची काळी जमीन अग्निजन्य खडकापासून झालेली. तींत लोह भरपूर असतें; पण ती चुनखडीची आणि अल्कधर्मी असल्यामुळें तें लोह मुळांना मिळतां मिळत नाहीं. विहिरींत पाणी आहे पण पोहरा नाहीं, तशांतली ही गोष्ट. जस्ताचीही तीच अवस्था. भारतांतील मातीच्या सुमारें दोन लाख नमुन्यांचा जो अभ्यास झाला, त्यांत शेंकडा ३६ नमुन्यांत जस्त, शेंकडा २३ मध्यें बोरॉन आणि शेंकडा १२ ते १३ मध्यें लोह अपुरें आढळलें. जस्ताचा अभाव ओळखणें कठीण. पानें लहान राहतात, दोन पेऱ्यांतील अंतर आखूड होतें, झाड खुरटतें, आणि शेतकरी म्हणतो कीं यंदा बियाणेंच हलकें निघालें. १९६६ सालीं हिमालयाच्या पायथ्याशीं पंतनगर येथें भातावर खैरा म्हणून जी विकृति होती तिचें कारण जस्ताची उणीव आहे, असें डॉ. य. ल. नेने यांनीं दाखवून दिलें आणि झिंक सल्फेट व चुना यांच्या फवारणीनें ती बरी केली. नेने हे स्वतः वनस्पतिरोगांचे अभ्यासक. रोग शोधावयास गेलेल्या माणसानें हा रोग नव्हे, उपासमार आहे, असा निर्णय द्यावा यांत शास्त्राची शोभा आहे. पुढें त्यांनीं हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेंत तूर आणि हरभरा यांच्या रोगांवर पुष्कळ काम केलें.

लोहाच्या बाबतींत घाटावर एक मोठी फसगत होते, तिच्याकडे मी आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. जुलै-ऑगस्टांत झड लागली कीं चुनखडीच्या जमिनींतील सोयाबीन आणि भुईमूग यांचे शेंडे एकाएकीं पिंवळे पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग लिंबासारखा. पाणी सांचून जमिनींत हवा कोंडते, बायकार्बोनेट वाढतें आणि लोह मुळांच्या हातीं लागत नाहीं. शेतकरी घाबरून बाटली आणतो आणि फवारतो. इकडे चार दिवस उघडीप मिळते, जमिनीला वाफसा येतो, मुळें श्वास घेऊं लागतात आणि नवी पानें आपोआप हिरवीं फुटतात. श्रेय मात्र बाटलीला मिळतें. बाटलीनें कांहींच केलें नाहीं असें मी म्हणत नाहीं. लोहाची योग्य फवारणी आहे तें पान खरोखर लवकर हिरवें करते, आणि वाफसा लांबला तर तेवढ्या काळांत पीक सांवरतें. पण केलें किती बाटलीनें आणि किती वाफशानें, हें सबंध शेत फवारून टाकणाऱ्याला कधींच कळावयाचें नाहीं. अमेरिकेच्या मिनेसोटा-आयोवाकडील चुनखडीच्या जमिनींत सोयाबीनचा हाच रोग मोठा आहे. तेथील अनुभव असा कीं फवारणीपेक्षां पिंवळें न पडणारें वाण निवडणें आणि पेरतांना तासांत विशिष्ट रूपांतलें लोह देणें अधिक भरंवशाचें ठरतें.

पिंवळेपणा दिसला कीं सूक्ष्म अन्नद्रव्य मारावें, हा सरधोपट मार्ग सोडून प्रथम पिंवळें कोणतें पान आहे तें पाहावें. शेंड्याकडचीं कोंवळीं पानें पिंवळीं आणि शिरा हिरव्या, तर लोह. खालचीं जुनीं पानें सबंध फिकीं, तर नत्र. मग झाड उपटून गांठी चिराव्या, आणि त्या आंतून पांढऱ्या किंवा हिरवट असल्या तर दुखणें गांठींत आहे. पानावर पिंवळे-हिरवे ठिपके आणि पट्टे विस्कळित पसरलेले, तेंही शेतांत एखाददुसऱ्या झाडावर, तर तो पिंवळा मोझॅक. तो पांढऱ्या माशीनें आणलेला विषाणु असून त्याला जगांतलें कोणतेंही खत औषध नाहीं. तें झाड उपटून टाकावें आणि माशीच्या मागें लागावें.

घाटाखालीं कोंकणांत चित्र उलटें. तेथील जांभ्याची जमीन आम्ल. तींत लोहाला तोटा नाहीं, परंतु मॉलिब्डेनम मातीच्या कणांना घट्ट धरून बसतें. भाताच्या मागून अंगओलीवर वाल, कुळीथ, चवळी घेणाऱ्या शेतकऱ्यानें या द्रव्याकडे लक्ष दिलें पाहिजे. येथें फवारणीपेक्षांही स्वस्त अशी एक युक्ति आहे. बांगलादेशांतील बारिंद या उंचवट्याच्या प्रदेशांत आणि पूर्व भारतांत, भातानंतरच्या आम्ल जमिनींत, हरभऱ्याचें बी रात्रभर पाण्यांत भिजवून सकाळीं पेरण्याचे प्रयोग झाले. त्या पाण्यांत लिटरला अर्धा ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट घातल्यानें गांठी चांगल्या धरल्या आणि उत्पन्न वाढलें. कोंकणच्या वालाला तें तसेंच लागू पडेल असें मी येथें बसून सांगणार नाहीं; पण चार ओळींवर करून पाहण्यास खर्च जवळजवळ शून्य आहे. चुना घालून जमिनीचें आम्ल कमी केलें तरी अडकलेलें मॉलिब्डेनम सुटतें. मात्र चुना गाडीनें लागतो आणि मॉलिब्डेट चिमटीनें.

आतां प्रत्यक्ष कृतीचें. जस्तासाठीं १० लिटर पाण्यांत ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना. चुना वेगळ्या भांड्यांत कालवावा, निवळ गाळून घ्यावी आणि मग मिसळावी. चुन्याविना झिंक सल्फेट कोंवळ्या पानांना भाजतें. लोहासाठीं १० लिटरांत ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड. येथें चुना चुकूनही घालूं नये. हिराकस विकत घेतांना ती हिरवी आहे ना तें पाहावें. तपकिरी पडलेली हिराकस म्हणजे गंजलेलें लोह. ती पानाच्या कामाची नाहीं. लोहाची फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतरानें दोनदां तरी करावी लागते, कारण मधल्या काळांत फुटलेल्या पानांना पहिलीचा लाभ होत नाहीं. बोरॉनसाठीं टाकणखार १० लिटरांत १० ते २० ग्रॅमांपलीकडे जाऊं देऊं नये, आणि फवारणी कळ्या दिसूं लागतांना करावी. बोरॉनची उणीव आणि बोरॉनचें विष यांतलें अंतर फार थोडें असतें, आणि कडधान्यें त्याला विशेष नाजूक. डीएपीच्या पाण्यांत झिंक सल्फेट मिसळूं नये. दोहोंचा सांका होऊन तळाशीं बसतो, पंपाची तोटी तुंबते आणि पानाला दोन्हींतलें कांहींच मिळत नाहीं.

"थोडें अधिक पडलें तर काय बिघडतें?" हा प्रश्न मला ठिकठिकाणीं विचारला जातो. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत कांहीं कुरणें अशीं आहेत कीं तेथें चरणाऱ्या गुरांना हगवण लागून तीं खंगत. १९३८ सालीं त्याचें कारण सांपडलें: गवतांत मॉलिब्डेनम फाजील होतें आणि तें गुरांच्या अंगांतील तांब्याला मारक होत होतें. मोरचुदाची बेतशीर मात्रा दिल्यावर गुरें सुधारलीं. कडधान्याचा भुसा आणि पाला आपल्याकडे बैलाच्या दावणींत जातो, हें लक्षांत ठेवून मापें तागडीनेंच करावीं. मुठीनें करूं नयेत.

दुकानांतील मिश्रणाविषयीं दोन शब्द. महाराष्ट्रांत फवारणीसाठीं जें ग्रेड दोन म्हणून मिश्रण ठरविलें आहे त्यांत शेंकडा ३ जस्त, अडीच लोह, १ मंगल, १ तांबें, अर्धा बोरॉन आणि दशांश एक मॉलिब्डेनम असतें. एकरीं अर्धा लिटर मारलें तर जस्त पडतें सुमारें १५ ग्रॅम. ज्या शेतांत थोडथोडी अनेक द्रव्यें उणीं आहेत तेथें तें सोयीचें. पण एकट्या जस्ताचा स्पष्ट तुटवडा असेल तर साधें झिंक सल्फेट आणि चुना हीच जोडी बहुधा स्वस्त पडते. बाटलीवर चित्र काय आहे तें सोडून शेंकडेवारी वाचावी. शेंकडेवारीच छापलेली नसेल तर ती बाटली फळीवर होती तेथें ठेवावी. एका दुकानांत मला "यांत सर्व कांहीं आहे" असें सांगून एक बाटली दाखविण्यांत आली. तिच्यावर द्रव्यांचीं नांवें होतीं, पण आंकडा एकही नव्हता.

फवारणीचा एक लाभ वजनांत दिसत नाहीं, तोही सांगितला पाहिजे. दाणे भरत असतांना जस्त फवारलें तर उत्पन्न फारसें वाढलें नाहीं तरी दाण्यांतील जस्ताचें प्रमाण वाढतें. ज्या घरांत दूध-मांस क्वचित् आणि वरण-भाकरी रोजची, त्या घरच्या मुलांना तें वरणांतून मिळतें. मुलांची वाढ खुंटण्याचें एक कारण जस्ताची उणीव असूं शकतें, हें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत डॉ. आनंद प्रसाद यांनीं इराण आणि इजिप्त येथील अभ्यासांतून दाखविलें होतें. बाजारांत या दाण्याला दोन पैसे अधिक मिळणार नाहींत. घरीं खावयास ठेवावयाचा भाग तेवढा फवारला तरी पुष्कळ.

ज्यांना यंदा फवारणी करावयाचीच आहे त्यांनीं आधीं मातीची तपासणी करून घ्यावी, आणि तिच्यांत सूक्ष्म अन्नद्रव्यांचीही परीक्षा मागून घ्यावी. नेहमींच्या तपासणींत ती असतेच असें नाहीं. मग शेताच्या मध्यावर, बांधापासून दूर, सहा ओळींचा एक पट्टा कोरा ठेवावा. त्यावर फवारणीच्याच दिवशीं, त्याच पंपानें, नुसतें पाणी मारावें. म्हणजे पाण्याचा गुण औषधाच्या पदरीं जमा होणार नाहीं. पंप आधीं दोनदां धुवून घ्यावा. कापणीच्या वेळीं त्या पट्ट्यांतील मधल्या चार ओळी, आणि शेजारच्या फवारलेल्या भागांतल्या चार ओळी, तीन ठिकाणीं दहा-दहा पावलें मोजून वेगळ्या कापाव्या, वेगळ्या मळाव्या आणि वेगळ्या तोलाव्या. तिन्ही ठिकाणीं वजन एकाच बाजूला झुकलें तर फरक खरा मानावा. एकदां इकडे एकदां तिकडे झालें तर तो जमिनीच्या चढउताराचा समजावा. वजनांतील फरकाची त्या दिवशींच्या बाजारभावानें किंमत काढून तींतून औषध आणि मजुरी वजा करावी. तोलण्यापूर्वीं दोन्ही ढीग एकाच अंगणांत, सारखेच दिवस वाळवावे. फवारलेलें पीक कधींकधीं चार दिवस अधिक हिरवें राहतें, आणि ओल्या दाण्याचें वजन अधिक भरतें.